सोयाबीनच्या तेलापासून टिकाऊ प्लॅस्टिक बनतं, मग देवणीत सोयाबीनचा भाव का वाढत नाही?

लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्याचं नाव राज्यभर माहीत झालं ते देवणी गायीमुळे. शिवारात मात्र पावसाळ्यात नजर जाईल तिकडे सोयाबीनच दिसतं. देवणी, वलांडी, उदगीर, निलंगा या सगळ्या पट्ट्याचं वर्षाचं गणित या एका पिकावर उभं आहे आणि गेले काही हंगाम ते गणित चुकतंय. 2024-25 साठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव जाहीर केला. बाजारात दर चार ते साडेचार हजारांच्या मध्ये फिरत राहिले. 2025-26 साठी हमीभाव 5,328 झाला. पण सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं बरंचसं पीक पाण्याखाली गेलं आणि जे हाती आलं त्यालाही आडतीवर हमीभावाइतका दर मिळेना.

अशा काळात ‘सोयाबीनपासून प्लॅस्टिक बनतं’ हे वाक्य कानावर आलं की आशा वाटणं साहजिक आहे. तेलापासून गाडीची सीट, ट्रॅक्टरचे पत्रे, रंग आणि डिंक बनत असतील, तर या दाण्याला खाण्यापलीकडचं गिऱ्हाईक मिळेल आणि भाव चढेल, असा हा हिशेब. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्या भागात घोळ आहे.

तेलाचं प्लॅस्टिक होतं म्हणजे नेमकं काय होतं?

याचं उत्तर बहुतेकांच्या स्वयंपाकघरात आधीच आहे. तळणीच्या कढईला बाहेरून एक तपकिरी, चिकट थर चढतो. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरही तसाच असतो. साबणाने निघत नाही, गरम पाण्याने निघत नाही, शेवटी तारेच्या घासणीने खरवडावा लागतो. तो थर आता तेल राहिलेला नसतो. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचं जाळं तयार झालेलं असतं. रसायनशास्त्राच्या भाषेत त्याला पॉलिमर म्हणतात. बिडाचा तवा वापरून वापरून काळा आणि गुळगुळीत होतो, तेही हेच.

पण हे सगळ्या तेलांना सारखं जमत नाही. खोबरेल तेल डब्याच्या झाकणाला वर्षभर लागून राहिलं तरी वाळून कडक होत नाही. जवसाचं तेल फळीवर लावलं की काही दिवसांत त्याची कातडी धरते. हा फरक येतो तो तेलाच्या लांब साखळ्यांमध्ये असलेल्या दुहेरी बंधांमुळे. हे बंध म्हणजे साखळीवरच्या मोकळ्या कड्या समजा. जितक्या कड्या जास्त, तितकं शेजारच्या साखळीत अडकणं सोपं. या कड्या मोजण्याचं एक जुनं माप आहे, आयोडीन मूल्य. खोबरेलाचं हे मूल्य 10 च्या आसपास, शेंगदाणा तेलाचं 90 च्या पुढेमागे, सोयाबीनचं 130 च्या जवळ, करडईचं 140 ते 150 आणि जवसाचं 170 च्याही वर.

रंगाच्या दुकानात ‘बेलतेल’ नावाने मिळतं ते उकळलेलं जवसाचं तेलच. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1860 च्या दशकात तयार केलं. त्याच्या नावातला ‘लिनम’ म्हणजे जवस आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल. आपल्याकडे लाकडाला ‘रोगण मारणं’ म्हणतात, त्यातला रोगण हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थही तेल असाच आहे. कच्छमधल्या निरोणा गावात एरंडीचं तेल दिवसदिवस आटवून त्याचा दाट रंग करतात आणि कापडावर नक्षी काढतात, ती ‘रोगन’ कला. करडईचं तेल भरपूर तापवून काळं, चिवट करून विहिरीच्या दोरांना आणि पाण्यात भिजणाऱ्या चामड्याला चोळण्याची पद्धत इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत सापडते. थोडक्यात, तेलापासून टिकाऊ, पाणी न शोषणारा पदार्थ करणं ही गोष्ट नवी नाही. पेट्रोलियम स्वस्त झाल्यावर ती मागे पडली होती, एवढंच.

कारखान्यात काय करतात?

नुसतं हवेवर सोडून दिलं तर सोयातेल फार हळू वाळतं आणि वाळलं तरी मऊच राहतं. म्हणून त्या मोकळ्या कड्या आधी जास्त कामाच्या केल्या जातात. तेलात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल घालून, तापमान काटेकोर सांभाळून ढवळलं की दुहेरी बंधांच्या जागी ऑक्सिजनचे छोटे त्रिकोण बसतात. यातून मिळतं ते इपॉक्सीकृत सोयातेल. उद्योगात त्याला ‘ईएसबीओ’ म्हणतात.

हे नाव अनोळखी असेल, पण पदार्थ घराघरात आहे. पीव्हीसी मऊ राहावं आणि उन्हा-उष्णतेने लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात ईएसबीओ मिसळतात. लोणच्याच्या किंवा जॅमच्या काचेच्या बरणीला जे पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या आतल्या मऊ वर्तुळात अनेकदा तेच असतं. वनस्पती तेलाचा प्लॅस्टिक उद्योगातला सगळ्यात रुळलेला उपयोग हाच, आणि त्यावर कधी कोणी व्हिडिओ करत नाही.

यापुढे दोन रस्ते फुटतात. ते त्रिकोण उघडून तिथे हायड्रॉक्सिल गट बसवले की तेलाचं ‘पॉलिओल’ होतं. त्यात आयसोसायनेट मिसळलं की पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू: गादीचा आणि सीटचा फोम, बुटाचा तळ, फरशीवरचं कोटिंग. दुसऱ्या रस्त्यात त्रिकोणांवर ॲक्रिलिक आम्ल जोडतात आणि स्टायरीन मिसळून, काचेच्या धाग्यांत भिजवून कडक पत्रा तयार करतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात रिचर्ड वूल यांच्या गटाने 1990 च्या दशकात या दुसऱ्या रस्त्यावर बरंच काम केलं. पुढे जॉन डिअर कंपनीने आपल्या शेतीयंत्रांच्या बाहेरच्या पत्र्यांसाठी सोयाबीन आणि मका यांपासून आलेला अंश असलेलं रेझिन वापरलं. फोर्डने 2008 च्या मस्टँग गाडीपासून सीटच्या फोममध्ये सोया पॉलिओल घालायला सुरुवात केली आणि नंतर उत्तर अमेरिकेत बनणाऱ्या आपल्या सगळ्या गाड्यांमध्ये ते नेलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. वरच्या वर्णनात आयसोसायनेट आणि स्टायरीन हे दोन पदार्थ आले, ते दोन्ही पेट्रोलियममधून येतात. त्यामुळे ‘सोयाबीनची सीट’ म्हटलं तरी त्या फोमचा मोठा भाग खनिज तेलाचाच असतो. वस्तूतला किती कार्बन झाडाचा आणि किती खनिज तेलाचा, हे कार्बन-14 चाचणीत कळतं. लाखो वर्षं जमिनीखाली राहिलेल्या खनिज तेलात कार्बन-14 उरलेला नसतो, गेल्या खरिपातल्या दाण्यात असतो. ‘प्लांट बेस्ड’ असं छापलेल्या वस्तूवर टक्केवारी लिहिलेली नसेल, तर त्या शब्दाला फारसा अर्थ नाही.

मग हे प्लॅस्टिक कुजतं का?

नाही. आणि कुजावं अशी अपेक्षाही नाही.

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वनस्पतीपासून बनलेलं म्हणजे मातीत मिसळणारं, असं गृहीत धरलं जातं. मातीत मिसळणाऱ्या पिशव्या सहसा स्टार्च, पीएलए वगैरेंच्या असतात आणि त्यांचा विषय वेगळा आहे. राज्य सरकारने मार्च 2018 मध्ये आणलेली प्लॅस्टिकबंदी किंवा 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेली एकल-वापर प्लॅस्टिकवरची बंदी, यांचाही इथे संबंध नाही. तेलापासूनची रेझिनं दहा-पंधरा वर्षं ऊन, पाऊस, डिझेल आणि धक्के सोसण्यासाठी बनवतात. त्यांच्यातलं जाळं एकदा घट्ट बसलं की ती पुन्हा वितळत नाहीत, म्हणजे भंगारवाल्याकडे देऊन त्यांची नवी वस्तूही करता येत नाही. त्यांचा फायदा इतकाच की कच्च्या मालातला काही कार्बन जमिनीखालून उपसण्याऐवजी शेतातून येतो. हा फायदा खरा आहे, पण ‘पर्यावरणपूरक’ या एका शब्दात त्याच्यापेक्षा बरंच काही खपवलं जातं.

हेन्री फोर्ड यांची ‘सोयाबीन कार’ हेही असंच प्रकरण. गाडीच्या डिकीवर कुऱ्हाड हाणणाऱ्या फोर्ड यांचा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. 1940 मधला तो प्रसंग खरा आहे आणि ऑगस्ट 1941 मध्ये प्लॅस्टिकचे पत्रे बसवलेली एक गाडी डिअरबॉर्नला दाखवलीही गेली. पण तिचं सूत्र जपून ठेवलेलं नाही. ती बनवणाऱ्यांपैकी एकाच्या सांगण्यानुसार तो सोयाबीनचा तंतुमय भाग फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनमध्ये बसवलेला पत्रा होता. म्हणजे रेझिन नेहमीचंच, सोयाबीन भरण म्हणून. तेलाचा त्या पत्र्याशी संबंध नव्हता. फोर्डच्या कारखान्यात सोयातेल जात होतं ते गाड्यांच्या रंगात. दुसऱ्या महायुद्धात हा प्रयोग थांबला तो थांबलाच.

एका गाडीला किती सोयाबीन लागतं?

भावाच्या प्रश्नाकडे जायचं तर आधी हा हिशेब करायला हवा. फोर्डनेच 2017 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या एका गाडीतल्या फोमसाठी सुमारे 31 हजार सोयाबीनचे दाणे लागतात आणि दहा वर्षांत अशा 1 कोटी 85 लाख गाड्या बनल्या. 31 हजार दाणे ऐकायला भरपूर वाटतात. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण 12 ते 13 ग्रॅम भरतं. म्हणजे एका गाडीला लागलं चार किलो सोयाबीन. एक पिशवीभर.

चार किलोला 1 कोटी 85 लाखांनी गुणलं तर दहा वर्षांचं मिळून पाऊण लाख टनही होत नाही. एकट्या लातूर जिल्ह्यात खरिपात चार लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र सोयाबीनखाली असतं. हेक्टरी फक्त दहा क्विंटल उतारा धरला तरी एका हंगामात चार लाख टन. जगातल्या एका मोठ्या वाहन कंपनीने दहा वर्षांत सीटसाठी वापरलेलं सोयाबीन लातूर जिल्ह्याच्या एका हंगामाच्या पाचव्या हिश्शाइतकंही नाही. ईएसबीओ, रंग, शाई यांचा वापर सीटच्या फोमपेक्षा बराच मोठा आहे हे खरं. तरी जगातल्या सोयातेलाच्या तुलनेत प्लॅस्टिक हे लहान गिऱ्हाईकच आहे.

क्विंटलचा भाव कोण ठरवतं?

एक क्विंटल सोयाबीन गिरणीत गेलं की साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड, म्हणजे डीओसी, बाहेर पडते. दाण्याचा मोठा भाग पेंडीत जातो. पेंड घेतात कोंबडीखाद्य आणि पशुखाद्य बनवणारे. त्यामुळे सोयाबीनचा भाव बराचसा पोल्ट्रीच्या शेडवर ठरतो, प्लॅस्टिकच्या कारखान्यात नाही.

2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, ते अनेकांच्या अजून लक्षात असेल. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, कारण पोल्ट्रीवाल्यांना पेंड परवडत नव्हती. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले. गेल्या एक-दोन वर्षांत पेंडीला आणखी एक स्पर्धक आलाय. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो ‘डीडीजीएस’ नावाने पशुखाद्यात जातो. तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. इथेनॉलचे कारखाने वाढले, चोथा वाढला आणि पेंडीची मागणी सैल झाली. ‘हरित इंधना’च्या धोरणाचा असा एक धागा देवणीच्या आडतीपर्यंत पोचतो, याची चर्चा फारशी होत नाही.

आता तेलाचं बघू. हमीभाव 4,892 असताना बाजारात 4,200 मिळाले असं धरलं तर क्विंटलमागे तोटा 692 रुपये. तो फक्त तेलातून भरून काढायचा तर 18 किलो तेलावर, किलोला साधारण 38 रुपये जास्त मिळायला हवेत. त्या सुमारास रिफाइंड सोयातेल घाऊक बाजारात किलोला सव्वाशेच्या आसपास होतं. म्हणजे प्लॅस्टिकवाल्याने तेल तीस टक्के महाग घ्यायला हवं. तो का घेईल? सोयातेल हा जगभर मिळणारा एकसारखा माल आहे. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून जहाजं येतातच. शिवाय त्याच्यासमोर पेट्रोलियमपासूनचा पर्याय कायम उभा असतो. तेल महाग झालं की तो तिकडे वळतो.

आयातीचा मुद्दा तर सगळ्यात जड. देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो, वर्षाला सुमारे 1 कोटी 60 लाख टन. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं, तेव्हा तेलबियांना थोडा आधार मिळेल असं वाटलं. मे 2025 च्या अखेरीस ते पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं. या एका आकड्याच्या वर-खाली होण्याने सोयाबीनच्या दराला जेवढा धक्का बसतो, तेवढा कुठल्याही रेझिनच्या शोधाने बसणार नाही. आणि इथलं सोयातेल प्लॅस्टिककडे वळवलं तर स्वयंपाकघरासाठी तेवढंच पामतेल जास्त आणावं लागेल.

मग तेलापासून प्लॅस्टिक करून कमावलं कोणी?

एरंडीने. ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणजे निष्फळ चर्चा, असा वाक्प्रचार मराठीत आहे. पण टिकाऊ प्लॅस्टिकच्या बाबतीत एरंडाचंच गुऱ्हाळ सगळ्यात जास्त चाललं.

याचं कारण रेणूतच आहे. सोयातेलावर पेरॉक्साइडची प्रक्रिया करून जे हायड्रॉक्सिल गट बसवावे लागतात, ते एरंडेलात निसर्गतःच असतात. एरंडेलाचा सुमारे 85 ते 90 टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो आणि त्याच्या प्रत्येक साखळीवर असा एक गट असतो. त्यामुळे एरंडेल थेट पीयूमध्ये जातं. फ्रान्समध्ये 1940 च्या दशकात एरंडेलापासून नायलॉन-11 बनवलं गेलं. ‘रिल्सन’ नावाने ते आजही विकलं जातं. ट्रकच्या एअर ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या अशा जिवावरच्या जागी ते वापरतात. यात पेट्रोलियमचं नायलॉन परवडत नाही म्हणून हे, असा प्रकार नाही. ते लवचिक राहतं, पाणी कमी शोषतं, म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. तेलाच्या रेझिनला भाव मिळतो तो अशाच ठिकाणी, जिथे तेलाच्या लांब साखळीचा गुण दुसऱ्या कशातून मिळत नाही.

जगातलं बहुतांश एरंडेल भारतातून जातं आणि त्यातलं बहुतांश गुजरातमधून. खाण्याचं तेल नसल्यामुळे कोणाच्या कढईतलं तेल पळवल्याचा आरोपही होत नाही. मुंबईच्या जयंत ॲग्रो-ऑर्गॅनिक्सने जपानच्या मित्सुई केमिकल्स आणि इतोह ऑइल यांच्याबरोबर भागीदारी करून एरंडेलाचे पॉलिओल बनवणारी कंपनीही काढली. तरीही चित्र पूर्ण गोड नाही. नायलॉन-11 चा कच्चा माल तेलातून वेगळा काढणारे मुख्य कारखाने फ्रान्स आणि सिंगापूरमध्ये आहेत. तेल इथून जातं आणि नळी होऊन परत येते. मधल्या पायऱ्यांवरचा नफा ज्याच्याकडे रिॲक्टर आहे त्याचा.

कोकणात याचं दुसरं उदाहरण आहे. काजूच्या टरफलातलं झोंबणारं तेल पूर्वी नुसती डोकेदुखी होती. त्यातल्या कार्डेनॉलपासून आज जहाजांच्या इपॉक्सी रंगाचे हार्डनर आणि ब्रेक लायनिंगमध्ये घालायची पूड बनते. दमट, थंड हवेतही हा रंग वाळतो, हा त्याचा खास गुण. इथे गर खाण्याला आणि टरफल रेझिनला, असा सरळ हिशेब बसतो.

लातूर-देवणीत काय होऊ शकतं?

गावात शेड टाकून ‘सोयाबीन प्लॅस्टिक’ बनवण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मनावर घेऊ नये. इपॉक्सीकरणात प्रचंड उष्णता बाहेर पडते. पेरॉक्साइड आणि आम्ल एकत्र आल्यावर तापमान हातातून सुटलं तर स्फोट होतो. सांडपाण्याची व्यवस्था लागते आणि दर खेपेला माल हुबेहूब सारखाच निघावा लागतो. ईएसबीओ बनवणाऱ्या कंपन्या देशात आधीपासून आहेत. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने त्यांच्याशी दरात स्पर्धा करणं अवघड आहे.

लातूर हे मोठं सोयाबीन बाजार आणि तेलगिरण्यांचं शहर आहे. तिथे शक्यता दिसते ती तेल शुद्ध करताना बाजूला पडणाऱ्या मालात. त्यातून ‘ॲसिड ऑइल’ निघतं, ते साबणाला जातं. पण त्यातली स्निग्धाम्लं वेगळी करून अल्कीड रंगासाठी आणि इपॉक्सीच्या हार्डनरसाठी वापरता येतात. यात खाण्याचं तेल कमी होत नाही आणि स्वस्त मालाची किंमत वाढते. मात्र हा फायदा आधी गिरणीला होईल. शेतकऱ्यापर्यंत तो यायचा तर गिरणीत त्याचा हिस्सा असायला हवा.

लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे डबे कारखाना आहे, डिसेंबर 2020 मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. डब्याच्या आतले पत्रे आणि सीट यांना रेझिन आणि फोम लागतो, त्यामुळे ‘इथलं सोयाबीन इथल्याच डब्यात’ अशी कल्पना सुचणं सोपं आहे. अडचण आगीच्या नियमांची आहे. रेल्वेच्या आतल्या सामानाला आग आणि धुराच्या कडक चाचण्या असतात, आणि तेलाची साखळी मुळात जळणारीच. ज्वालारोधक घालून ती पास करता येते, पण मग खर्च वाढतो आणि तेलाचा वाटा घटतो.

संशोधन जवळपास चालू आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, तेल आणि पॉलिमर-रंग या दोन्हींचे जुने विभाग आहेत आणि 2018 पासून तिचं एक आवार जालन्यात आहे. जळगावच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी कडुलिंबाच्या तेलापासून पीयू कोटिंग तयार केल्याचे निबंध दहा वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेत. कडुलिंब, करंज ही तेलं खाण्यात येत नाहीत आणि झाडं बांधावर येतात. मात्र निंबोळ्या गोळा करायला माणसं लागतात आणि एका गावात जमणारा माल कारखान्याच्या मानाने फार थोडा असतो. प्रयोगशाळेतली बरणी आणि कारखान्यातली टाकी यांच्यामधलं अंतर बहुतेकदा असंच असतं: रसायन जमलेलं, गोळाबेरीज न जमलेली.

आणि करडई? रंगासाठी सोयाबीनपेक्षा ती सरस आहे. तिच्या तेलात 70 टक्क्यांच्या वर लिनोलिक आम्ल असतं आणि लिनोलेनिक जवळजवळ नसतं, त्यामुळे जवसाच्या तेलाचा रंग जसा काही वर्षांनी पिवळा पडतो तसा हिचा पडत नाही. पांढऱ्या अल्कीड रंगाला हा गुण फार मोलाचा. पीक मराठवाड्याचंच आहे: काळ्या रानात, परतीच्या ओलीवर, रब्बीत येणारं. ज्वारीच्या कडेने करडईचे तास लावायचे म्हणजे काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही, ही जुनी पद्धत. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’सारखं वाणही आहे. तरी गेल्या चार दशकांत देशातलं करडईचं क्षेत्र काही लाख हेक्टरांवरून लाखभर हेक्टरच्या घरात आलंय. खरिपात सोयाबीन आणि मागे हरभरा, ही जोडी सोपी पडली. करडईच्या काट्यात काढणीला मजूर मिळेनात.

ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या 10,103 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तेलबिया अभियानात करडईचाही समावेश आहे. उद्या हार्वेस्टरने काढणी होऊन क्षेत्र वाढलंच, तरी रंगाच्या कारखान्याला आणखी एका गिऱ्हाइकाशी टक्कर द्यावी लागेल. लाकडी घाण्याचं करडई तेल पुण्या-मुंबईत आणि लातुरातही रिफाइंड सोयातेलापेक्षा कितीतरी चढ्या दराने खाण्यासाठी विकलं जातंय आणि तो दर रंगवाल्याला परवडणारा नाही.